बंडप्पाचा लुळा हात

वाशी, १९४४

तीर्थरूप शंकरप्पा मामांस मल्लिकार्जुनाचा शरणार्थ. मामींचा दमा कसा आहे? इथं सगळं ठीक, माझं डोकं सोडून.

मामा, निजामाच्या राज्यात पंच म्हणून धरून नेले जाणारे आपण सगळे एकाच खोड्यात अडकलोय. काय पाहिलं ते कुणी विचारत नाही, सही तेवढी मागतात. परवा तहसीलचा पेशकार, म्हणजे कारकून, चौकशीसाठी मला बंडप्पाच्या घरी घेऊन गेला. शेतात मेंढ्या शिरल्या म्हणून मेंढपाळ धुळाप्पाला कुऱ्हाडीनं तोडणारा, जन्मठेप झालेला हाच तो सावकार बंडप्पा. आजारी म्हणून सध्या घरी सोडलाय आणि उरलेली शिक्षा माफ करा अशी त्याची दरखास्त आहे. उजवं अंग लकव्यानं गेलं, घर नादार झालं, बायकोला पोसायला कुणी नाही. (धुळाप्पाच्या बायकोला कोण पोसतं, हे सरकारला विचारावंसं वाटलेलं नाही.)

आधी नादारी तपासली. गोठ्यात खिल्लारी जोडी. ती म्हणे तेरच्या मेहुण्याची. ज्वारीचं पेव, दारातली दमणी गाडी, भिंतीवरची बंदूक, इतकंच काय, बंडप्पा कण्हत पडला होता ती बाजसुद्धा मेहुण्याचीच. (क्रांत्यांवर मी पुष्कळ वाचलंय, पण इतक्या बिनबोभाट मालमत्ता सोडणारा सावकार वाशीतच बघितला.) त्याच्या बायकोला, जगदेवीबाईंना विचारलं, मग तुमचं स्वतःचं काय? डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आमचा ह्यो आजार तेवढा हाय, दादा." पेशकारानं तेही लिहून घेतलं.

मग प्रकृती. पेशकारानं उजवा हात उचलून सोडला, तो ओल्या धोतरासारखा पडला. आम्ही उठलो. आता उठलेल्या पाहुण्याला विडा दिल्याशिवाय आपल्यात कुणी जाऊ देत नाही. जगदेवीबाई सुपारी कातरू लागल्या, पण सगळं लक्ष पेशकाराच्या कागदाकडं. खांडं अशी जाड पडली की बंडप्पाला बघवेना. सरकारी माणसापुढं घराची अब्रू चालली होती. तो उठून बसला, अडकित्ता ओढून घेतला आणि त्याच मेलेल्या उजव्या हातानं कागदासारखी सुपारी कातरून विडा पेशकारापुढं धरला. पेशकारानं तो तोंडात टाकला, सावकाश चावला आणि लिहिलं, उजवा हात निकामी.

मी म्हणालो, "साहेब, सुपारी कातरली तो हात कुणाचा? मेहुण्याचा?"

"भाषणं चावडीवर करा, मल्लिकार्जुनप्पा. इथं सही करा."

केली नाही. बाहेर येऊन घसा बसेपर्यंत बोललो. ऐकायला दोन म्हशी आणि धुळाप्पाची विधवा हरणाबाई. म्हशी गेल्या, ती थांबली. तिच्याच साक्षीवर बंडप्पाला शिक्षा झाली होती, आणि सुटल्यावर बघून घेईन असं त्यानं तिला भर कचेरीत बजावलंय. ती एवढंच म्हणाली, "त्यो सुटला तर म्या मेंढरं घिऊन कुठं जाऊ?" 

लेकरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
मल्लिकार्जुन

ता. क. माझ्या सहीवाचून अडलेलं नाही. पंचांच्या दोन सह्या पुरतात आणि त्या झाल्यात. एक माझ्यासोबत नेलेल्या महालिंगप्पाची, तो निदान हजर होता, विडाही खाल्ला. दुसरी, मामा, तुमची. (वळणदार आहे, लगेच ओळखली.) त्या दिवशी तुम्ही येरमाळ्यात दुकानावर होता.

पुन्हा ता. क. सही कोऱ्या कागदावर मागितली, तहसीलदाराला नाही कसं म्हणायचं, ही सबब मामींना सांगा, मला नको. सोमवारी दरखास्तीचा निकाल आहे. पहिल्या मोटारीनं धाराशिवला या, जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबापुढं उभे राहा आणि सांगा की मी बंडप्पाला पाहिलेलंच नाही, माझी सही खोडा.