पालखीपुढचा बार

१४ जून
आज घरात ऐतिहासिक निर्णय. अप्पा म्हणाले, हात थरथरतो, बंदुकीचं लायसन तुझ्या नावावर करून घे, यंदाचा बार तू काढ. जत्रेला देवीची पालखी देवळाबाहेर पडण्याआधी बंदुकीचा एक बार काढायचा मान आमच्या घराण्याचा. बार झाल्याशिवाय पालखी हलत नाही. मी लगेच हो म्हटलं.
पण ती ठासणीची बंदूक! दारू भरा, गजाने ठासा, खांद्याला धक्का खा. आजच्या काळात शोभत नाही. संकल्प : ऑटोमॅटिक घ्यायची. एकदा बोट दाबलं की तीस बार. अप्पा म्हणाले, "देवीक एक बार पुरता. तीस कित्याक?" कावेरीने विचारलं, पालखी काय लढाईक जाता? बायकोला टेक्निकल विषय समजावत बसू नये.

१६ जून, दुपार
ऑटोमॅटिकचे व्हिडिओ पाहिले. आवाज बंद ठेवून. कावेरीची झोपमोड नको. (ती बाजारात गेली होती, पण कधीही येऊ शकली असती.)

२४ जून
ओरोसला कलेक्टर ऑफिस. क्लार्क मॅडम सज्जन. म्हणाल्या, ऑटोमॅटिक हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही, कायद्यानेच बंदी आहे, जिल्ह्याला तो अधिकारच नाही, काय ते केंद्र सरकार. मग स्वतःहून दुसराच विषय काढला : वडील सत्तरीच्या वर आहेत ना, मग त्यांचं लायसन तुमच्या नावावर होऊ शकतं. बहिणीची संमती, डॉक्टरचा दाखला, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणा. लायसनची मुदत सप्टेंबरात संपते, त्याआधी या.
थोडक्यात, माझी केस दिल्ली लेव्हलची आहे. कणकवली स्टँडवर दोन वडे खाल्ले.

२ जुलै
दिल्लीला अर्ज रवाना. कारण : धार्मिक. सोबत गेल्या जत्रेचा फोटो. त्यात अप्पा बार काढतायत आणि मागे मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभा आहे. माझा भाग कापला.

१९ जुलै
बहिणीचा, भार्गवीचा कुडाळहून फोन. संमतीवर सही करून ठेवलीय, न्यायला कधी येतोस? सांगितलं, घाई नको. ट्रेनिंगही पुढे ढकललं. तिथे म्हणे खरोखर गोळ्या झाडायला लावतात. ऑटोमॅटिक येणार असताना साध्या बंदुकीवर हात बसवून घेणं चूक.

२८ ऑगस्ट
चतुर्थी. दिल्लीचं उत्तर नाही. म्हणजे सखोल विचार चालू आहे. आरतीनंतर पोरांनी फटाक्यांची माळ लावली तेव्हा मी मागच्या खोलीत नारळ निवडत होतो. कामं कोणीतरी करायला हवीत.

१२ सप्टेंबर
अप्पा मागे लागले, निदान माझ्याच नावावर रिन्यू कर. तेव्हा मी माझी चाल उलगडून दाखवली. घरात एक बंदूक असताना दिल्ली दुसरी का देईल? म्हणून रिन्यू करायचीच नाही, उलट पोलीस स्टेशनात जमा करायची.  अप्पांनी बंदुकीला तेल लावलं, जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिली. पटलं त्यांना.

१० ऑक्टोबर
दिल्लीचं उत्तर. दोन ओळी. नाही म्हणतात. पण सुरुवात 'महोदय' अशी केली आहे.
ओरोसला गेलो. जुनी परत द्या म्हटलं. मॅडम म्हणाल्या, लायसन संपलं, बंदूक तुम्हीच जमा केलीत, आता सगळं पहिल्यापासून. किती दिवस? महिने, म्हणाल्या. जत्रा पुढच्या महिन्यात आहे असं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मला ते आवडलं नाही.

७ नोव्हेंबर
देवळात मानकऱ्यांची बैठक. मी मार्ग सुचवला : बाराचा आवाज मोबाईलवर घ्यायचा आणि स्पीकर लावायचा. कोणी हसलं नाही. एक म्हातारे म्हणाले, "देवीक फोनार फसवतलंस?" वरच्या वाडीतल्या बाबलीकडे शेती राखायची बंदूक आहे, लायसन चालू आहे. बार त्याने काढायचा ठरलं. मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.
संध्याकाळी अप्पा नारळ आणि विडा घेऊन स्वतः बाबलीच्या घरी गेले. मीही गेलो असतो, पण गुडघा दुखत होता.

२३ नोव्हेंबर
जत्रा. बाबलीने बार काढला. एकच. पालखी हलली.
मग गुरवाने मानाचा नारळ द्यायला बाबलीचं नाव पुकारलं. अप्पा सवयीने उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. लोक दुसरीकडे बघू लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "रवांदे," म्हणाले, आणि हात सोडवून घेतला.
मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.
 घरी आल्यावर अप्पांनी पायावर पाणी घेतलं आणि आत बघून म्हणाले, "कावेरी, फुडल्या वर्सा माका जत्रेक नेव नको गो."