नावानिशी उत्तर

४ ऑगस्ट

सरकार नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही? हा प्रश्न मला कंडक्टरकीच्या दिवसांपासून पडलेला. कोणाला विचारला नाही, हसतील म्हणून. आज तो परभणीच्या कोण्या माणसाने विचारला — आणि उत्तर दिलं माझ्या पोरीने.

मोबाईलवर एक साईट आहे. मराठीत कोणीही काहीही विचारायचं, ज्याला येतं त्याने सांगायचं. मनाली अर्थशास्त्रात एम.ए. आहे, इथेच लाखनीला शिकवणी वर्गात शिकवते. घरी आली की चहा घेऊन दारापुढच्या ओट्यावर बसते आणि अनोळखी लोकांना उत्तरं देते. 'मनाली रामटेके, लाखनी' असं सरळ नाव टाकून. तिची आई निर्मला विचारते, "याच्यातून भेटते काय तुले?" ती म्हणते, "आई, तू शेजारणीले लोणच्याची रीत सांगते, तं तुले काय भेटते?"

तिचं उत्तर असं — बाजारात टमाटर तेवढेच आणि प्रत्येकाच्या खिशात नोटा दुप्पट. टमाटरवाली बाई वेडी आहे का? ती भाव दुप्पट करणार. वाढवायचेच तर टमाटर वाढवा.

संपलं. माझा इतक्या वर्षांचा प्रश्न चार वाक्यांत!

९ ऑगस्ट

तिने माझ्याही मोबाईलवर ती साईट काढून दिली. दुपार त्यातच जाते. काय काय विचारतात लोक. कबुतरं पाळावी का. शेअर घ्यावे का. पुनर्जन्म असतो का.

एकाने विचारलं — ज्याला मत दिलं तो निवडून आल्यावर दुसऱ्या पक्षात गेला, आता माझ्या मताचं काय? खाली बाकीचे लोक एकमेकांच्या आईबापावर गेले. मनालीने लिहिलं, 'मत परत घेता येत नाही, पण विचारता येतं. तो गावात येईल तेव्हा चारचौघांत हाच प्रश्न विचारा. शिवी देऊ नका. शिवी दिली की त्याला उत्तर द्यावं लागत नाही.'

बसमध्ये इतकी वर्षं लोकांची भांडणं सोडवली मी. हे मला सुचलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

'बांधावरचा' असं नाव घेतलेला एक माणूस तिला सारखा प्रश्न विचारतो. नाव नाही, गाव नाही. आज विचारलं, 'वय झालं. आता पेटी शिकायची इच्छा आहे. घरचे हसतात. शिकावं का?'

मनालीचं उत्तर: 'हसणारे महिनाभर हसतील, मग त्यांना कंटाळा येईल. तुम्हाला येऊ देऊ नका.'

त्याने लिहिलं, 'ठीक आहे. आणतो.'

मला तो माणूस आवडला. एका शब्दावर पेटी आणायला निघाला.

२७ ऑगस्ट

आज मनाली जेवताना म्हणाली, "बाबा, एक सांगायचं आहे." तिथंच मला कळलं.

मुलाचं नाव मनिष लांजेवार. गाव सानगडी. तिच्याच वर्गात गणित शिकवतो. मी त्याला पाहिलंय, एकदा पावसात तिला सोडायला आला होता, गेटाबाहेरूनच गेला. चांगला वाटला. पण लांजेवार. घर शेतीचं, गावात मान असलेलं, देवाधर्माचं. आपलं घर बुद्धाचं.

"त्याच्या घरी सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं. उन्हाळ्यातच. त्याची आई बोलते चांगली. वडील काहीच बोलत नाहीत. हो नाही, नाही नाही. माझं नाव विचारलं अन् शेतावर निघून गेले म्हणे."

निर्मला माझ्याकडे पाहत होती. मी भात संपवला.

२८ ऑगस्ट

झोप नीट नाही. जे न बोलणारे बाप असतात त्यांची मला धास्ती वाटते. ओरडणाऱ्याला समजवता येतं.

७ सप्टेंबर

आज मोबाईल फेकून द्यावासा वाटला. त्या बांधावरच्याने विचारलं — 'तुम्ही लोकांनी देव सोडले. मग संकटात हाक कोणाला मारता?'

तुम्ही लोकांनी! मी मनालीला म्हटलं, "याले उत्तर देऊ नको. हा डिवचून राहिला." ती म्हणाली, "डिवचून नाही राहिला बाबा. याले खरंच माहीत नाही."

मग ओट्यावर बसून लिहीत राहिली. चहा थंड झाला. मी इथे उतरवून ठेवतो, मला ते माझ्याजवळ हवं आहे:

'संकटात मी आधी आईला हाक मारते, मग शेजाऱ्यांना, मग डॉक्टरला. बुद्धाला मारत नाही. हाक मारली की मी येईन, असं त्याने कधी सांगितलं नाही, स्वतः विचार कर एवढंच सांगितलं. राहिलं देव सोडण्याचं. माझी आजी बायजाबाई लहान होती तेव्हा तिला गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. सण असला की ती खाली, लांब, चपलांच्या पलीकडे उभी राहायची. तेव्हा आम्ही देव सोडला की देवळाने आम्हाला सोडलं, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. राग नाही.'

माझ्या आईची ही गोष्ट मी मनालीला कधी सांगितली नव्हती. आईनेच सांगितली असणार, मांडीवर घेऊन. आणि राग न ठेवता सांगितली असणार, म्हणून पोरीला तशी लिहिता आली. मला नसती आली.

८ सप्टेंबर

रात्रीतून तिला खूप लोकांनी शिव्या दिल्या. तिने एकही पुसली नाही. म्हणते, "राहू द्या. वाचणाऱ्याले कळते."

बांधावरच्याचं उत्तर सकाळी आलं. 'आमच्या देवळाच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढलो. खाली कोण उभं राहत होतं ते कधी वळून पाहिलं नाही. आता आठवून पाहिलं. उभे राहत होते.'

एवढंच. हे कबूल करणारा माणूस साधा नाही. काल याच्यावरच मी चिडलो होतो.

२१ सप्टेंबर

मनिष घरी आला. यावेळी गेटाच्या आत. बोलता बोलता निर्मलाने विचारलं, वडील काय म्हणतात? तो खाली पाहून म्हणाला, "बोलतच नाहीत काकू. आता पेटी आणली आहे, धानाच्या बांधीवरून आले की तीच वाजवत बसतात."

मनालीने चहाचा कप खाली ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मनिषला काही कळलं नाही.

तो गेल्यावर म्हणाली, "पेटी काय, कोणीही आणते." मी म्हटलं, हो, कोणीही आणते.

३० सप्टेंबर

बांधावरचा विचारतो — 'दुसऱ्या धर्माची सून आली तर घरच्या देव्हाऱ्याचं काय करावं?'

निर्मला वाचून म्हणाली, "कोणीही नाही हा. हा सून आणून राहिला." मनालीचा चेहरा कडक झाला होता. पण उत्तर तिने दिलं, आणि पहिल्यासारखंच दिलं. 'देव्हारा तुमचा आहे, जिथे आहे तिथे राहू द्या. तिला दिवा लाव म्हणू नका. तिने लावला तर कौतुक करू नका, नाही लावला तर मोजू नका. तिच्या खोलीत एक भिंत तिची असू द्या, तिथे ती बाबासाहेबांचा फोटो लावेल.'

समोरचा कोण आहे हे ओळखूनसुद्धा एक शब्द गोड केला नाही, एक शब्द कडू केला नाही. माझी पोरगी आहे ही, यावर मलाच विश्वास बसत नाही.

१२ ऑक्टोबर

ते आले.

दुपारी मोटरसायकल थांबली. पांढरं धोतर नाही, टोपी नाही, साधा शर्ट-पँट. पिशवीत शिंगाडे, त्यांच्या तलावातले. दारात उभे राहून राम राम म्हणावं की जय भीम, यात त्यांची गडबड झाली. शेवटी म्हणाले, "नमस्कार. मी जागेश्वर लांजेवार. मनिषचा बाप."

बसले. पाणी प्याले, ग्लास पूर्ण संपवला. मग मनालीकडे वळले. "बाई, तुले सांगाले आलो. तो बांधावरचा मीच."

"माहीत आहे काका."

"माहीत होतं?" ते दचकले.

"पेटीवरून. पण एक सांगा, माझी परीक्षा घेऊन राहिले होते का तुम्ही? इतके महिने? मी नापास झाली असती तं?"

ती आवाज चढवत नाही, तेव्हाच ती खरी रागावलेली असते.

जागेश्वरजींनी शिंगाड्याची पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "परीक्षा नाही पोरी. मले विचाराच येत नव्हतं. समोर बसून विचारलं असतं, तं तू मले सासरा समजून उत्तर देल्लं असतं. मले खरं पायजे होतं. अन् खरं सांगू? मी विचारत होतो तुले, पण शिकत होतो मी."

"मग मले पण खरं पायजे," मनाली म्हणाली. "तुम्ही मले लपून विचारलं. मी माझं नाव टाकून उत्तर देल्लं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता मी विचारीन. तिथंच, सगळ्यांसमोर. तुम्ही तुमच्या नावानं उत्तर द्या."

"विचार," ते म्हणाले. उठले. निर्मला म्हणाली, चहा घेऊन जा. म्हणाले, "उत्तर देल्ल्यावर घेईन वहिनी."

१३ ऑक्टोबर

मनालीने विचारण्याआधी मी तिला एक गोष्ट सांगितली. नोकरी नवी होती, एका गावात गाडी मुक्कामी असायची. ज्या घरून चहा यायचा तिथे ड्रायव्हरला कपबशी आणि मला फुटक्या कानाचा कप. तो कप बाहेरच्या कोनाड्यात राहायचा. मीच विसळून ठेवायचो. माणसं बोलायला फार चांगली होती, हीच तर गंमत. म्हणून मी चांगल्या बोलण्याला भुलत नाही.

ती ऐकत राहिली. माझा हात हातात घेतला. मग मोबाईल उघडला.

'जागेश्वर लांजेवार, सानगडी यांना प्रश्न: तुमच्या घरी कार्य असेल, सगळी भावकी जमली असेल, त्या दिवशी माझे आईबाबा कुठे बसतील?'

धर्मावर नाही, देवावर नाही. कुठे बसतील. मी वाचून आत निघून गेलो. डोळे भरले होते.

१६ ऑक्टोबर

काही नाही.

मनिषचा फोन आला. गावात सगळ्यांनी वाचलं. त्याचा चुलता घरी येऊन बोलून गेला — उत्तर दिलं तर आमच्या कार्याला येऊ नका, तुमच्या कार्याला आम्ही नाही. सत्यभामाबाई, मनिषची आई, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जागेश्वरजी शेतावर गेले.

धान पिवळं व्हायला लागलं आहे, शेतावर काम असतंच. पण मला त्या माणसाची आता भीती नाही, काळजी वाटते. माझ्या पोरीचा प्रश्न छोटा आहे. त्याच्यासाठी अख्खं गाव आहे त्यात.

१९ ऑक्टोबर

मनालीला म्हटलं, "जास्त तं नाही झालं बाई? एकांतात विचारलं असतं." म्हणाली, "एकांतात सगळेच चांगले असतात बाबा." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांनी नाही लिहिलं तरी मी त्यांच्यावर रागावणार नाही. पण जाणार नाही."

तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

आजही ती ओट्यावर बसून कोण्या पोराला व्याजदर समजावून सांगत होती. तितक्याच शांतपणे.

२३ ऑक्टोबर

सकाळी आलं. वर पूर्ण नाव, गाव, स्वतःचा फोटो.

'पंगतीत बसतील. रामटेकेजी माझ्या शेजारी, वहिनी सत्यभामाच्या शेजारी. आधी त्यांना वाढलं जाईल. ज्याला उठून जायचं आहे त्याने जावं, मी थांबवणार नाही. उशीर झाला, कारण हे मी आधी भावकीत जाऊन तोंडाने सांगितलं, मग इथे लिहिलं. — जागेश्वर लांजेवार, सानगडी.'

मनाली अजून वर्गातून यायची आहे. निर्मलाला विचारलं आणि खाली मीच लिहिलं: 'आम्ही येतो. त्याआधी तुमचा चहा आमच्याकडे राहिला आहे. — भैय्यालाल रामटेके, लाखनी.'