अगास्टचा चेहरा

अक्का, काल तुमच्या घरी जाऊन आलो. देवनहळ्ळीहून येताना मध्येच जयनगरला उतरलो, पेरू घेतले, एका चपलांच्या दुकानात उगीच वेळ घालवला. मला कुठंही सरळ जाता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळाही मी अशीच मधूनमधून केली. इंग्रजी जे काही येतं ते बसवनगुडीतल्या तुमच्या स्वयंपाकघरातलं, कडाप्प्याच्या ओट्यावर पाय हलवत शिकलेलं. तुमचा नियम असा, की आधी चेहरा करायचा, मग शब्द म्हणायचा, मग चकली.

'अगास्ट'च्या दिवशी मी म्हणालो, "अक्का, उप्पीटात मीठ नाही, आय अ‍ॅम अगास्ट." तुम्ही झारा माझ्यावर रोखलात. "स्वल्प थांब. मिठासाठी कुणी अगास्ट होतं काय? ते सरप्राइज्ड. सरप्राइज चांगलंही असतं, वाढदिवसाला असतं. अगास्ट कधीच चांगलं नसतं. धक्का बसतो, भीती वाटते, आणि हे असं कुणी कसं केलं, असंही वाटतं. सगळं एकदम. तोंड उघडं, पाय जागीच." मी तोंड उघडलं. "ही जांभई झाली रे!" त्या दिवशी चकली नाही. "राहू दे. वेळ आली की चेहरा आपोआप येईल," म्हणालात.

तो काही आला नाही. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या स्टँडवर होतो. "सरी, बरं" म्हणालो आणि चहा संपवला. पुढं बरीच गावं झाली, बरीच कामं धरली नि सोडली. पण अक्का गेल्या तरी आपल्याला काही झालं नाही, म्हणजे आपल्यात काहीतरी कमीच असणार, हे मधूनमधून डोक्यात यायचं.

काल तुमच्या लेकीनं दार उघडलं. "ये रे, आधी किचन बघ!" म्हणत ताईनं हात धरून आत नेलं. पांढऱ्या टाइल्स, चिमणी, हा एवढा फ्रिज. कडाप्प्याचा ओटा नाही. खिडकी बुजवलेली. तुम्ही उभ्या राहायचात तिथं भांडी धुण्याचं मशीन. मी उंबऱ्यातच थांबलो. तोंड उघडं, पाय उचलेना. ताई टाळी वाजवून हसली. "बघ, कसा सरप्राइज झालास! बोल की, कसं झालंय?"

किती खुशीत होती ती. "हो ताई, सरप्राइज्ड," मी म्हणालो. "छान झालंय." तिनं दुकानातल्या चकल्या बशीत घालून पुढं केल्या.

हे पाठवता येणार नाही. पत्ता तोच आहे, पण पाकीट ताई उघडेल. तुम्हाला एवढंच सांगायचं, चेहरा काल अगदी बरोबर आला होता. शब्द मुद्दाम चुकीचा सांगितला, आणि तरी चकली खाल्ली.