मी ‘दरम्यान’ लिहिणार नाही

तीर्थस्वरूप मामास,

तुझ्या सध्या भयंकर चिडलेल्या भाचीचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला (मला नाही, ह्यांना).

मी मजेत आहे, म्हणजे माझी कादंबरी अडली आहे. तिच्यातली सिनेमाची रीत मी तुझ्याकडूनच उचलली. लहानपणी तुझ्या संकलनाच्या खोलीत बसून पाहिलंय मी, बाई जिना चढायला लागली की तू कचकन फिल्म कापायचास आणि बाई थेट गच्चीवर! (कापलेले तुकडे कापडी पिशवीत जपायचास, न जाणो लागले तर.) मधल्या पायऱ्या कुठे गेल्या, असं एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही. प्रकाशनाच्या संपादकबाई मात्र विचारतात. माझ्या प्रत्येक तोडीपाशी, म्हणजे तुझ्या ‘कट’पाशी, लाल शाईत ‘दरम्यान काय झालं?’ असं लिहून हस्तलिखित परत आलंय. मधलं सगळं भरा, नाहीतर पुस्तक काढणार नाही, असा सोबत निरोप.

जेवणाच्या टेबलावरचं भांडण मी अख्खं टेबलाखालून लिहिलंय, नुसत्या पावलांवर. (अभ्यास म्हणून पाहुणे जेवत असताना खरोखरच टेबलाखाली शिरले होते. सासूबाईंनी आधी मांजर समजून लाथ मारली, मग मी आहे हे कळल्यावर आणखी एक.) बाई म्हणतात, चेहरे नाहीत तर राग कळणार कसा? अहो, माझ्या बरगड्यांना विचारा! किल्लीचा क्लोज-अप तीन पानं चालतो, तो म्हणे एका ओळीत आणा. नाही आणणार. वाचकाला बोट धरून जिना चढवायला तो काही तान्हा नाही. पुस्तक नाही निघालं तर नाही निघालं, मी असल्या शेऱ्यांना भीक घालत नाही.

तुझीच हट्टी भाची

ता. क. – बाईंना एक फोन कर ना. तुझ्या आवाजाने भलेभले दिग्दर्शक गप्प बसायचे.

आणखी एक ता. क. – फोन नको करूस. एका जागी बाईंचं बरोबर आहे. सातव्या प्रकरणातली आई म्हणजे तुझी ताईच. ती दवाखान्यातल्या खाटेवर उशी जरा वर घ्यायला सांगते, आणि आठवं प्रकरण उघडतं तेव्हा तिचा चष्मा मुलीच्या पर्समध्ये असतो. ही तोड धाडसाची म्हणून मी मिरवते, पण मामा, मधलं मला माहीतच नाही. मी औषधं आणायला खाली गेले होते. तिच्यापाशी तू होतास. तुझ्या पिशवीतला तेवढा एक तुकडा मला पाठव. कितीही रडू आलं तरी मी तो पुरा लिहीन.

‘दरम्यान’ मात्र तरीही लिहिणार नाही, हे बाईंना सांगून ठेवलंय.