तिसऱ्या नावापुढचं अक्षर

४ ऑगस्ट
आज सकाळी देवापुढं उदबत्ती लावली आणि ऑफिसात आल्यावर कॉम्प्युटरलाही एक लावली. सिडकोतल्या या ऑफिसात वेबसाइट बनवतात. पन्नाशीच्या तोंडावर मला इथं काम मिळालं. मालक याह्या माझ्या मुलाच्या वयाचा, पण आदरानं काका म्हणतो. पहिलंच काम वैजापूरजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचं. सभासदांच्या यादीत नावांपुढं आपोआप येणारे काळे ठिपके काढले. नुसती नावं बरी दिसत नाहीत, म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईलीत, एकच नियम लिहिला: प्रत्येक नावापुढं 'श्री.' यावं. एका ओळीत सगळ्यांना मान मिळाला. पाचवं नाव कडूबादादांचं. माझे थोरले भाऊ; स्वतः शाळा सोडून त्यांनी मला शिकवलं.

६ ऑगस्ट
तिसरं नाव पखवाज वाजवणाऱ्या फकिराचं. त्याच्यापुढं 'कै.' दिसतं. ते गेलेल्या माणसाला लावतात. फकिरा तर काल फोनवर माझ्याशी भांडला. नियम सगळ्यांना एकच, मग एकाच ओळीला वेगळं कसं? पुन्हा पुन्हा तपासलं. याह्या म्हणाला, जुनी फाईल अडकली असंल, कॅश, म्हणजे कॉम्प्युटरनं साठवलेलं जुनं पान, साफ करा. केली. तसंच. सगळा दिवस यातच गेला, डबाही तसाच राहिला.

७ ऑगस्ट
फकिरा गेला. झोपेतच. याह्या हसून म्हणाला, काका, तुमची यादी लई पुढचं बघती. मग माझं तोंड बघून त्यानं पाणी आणून दिलं. फकिराला दिवंगतांच्या वेगळ्या यादीत नेलं.

८ ऑगस्ट
यादीतले चौथे साहेबराव सरकून तिसरे झाले. त्यांच्यापुढं 'कै.' आलं. नियम पुसला, पुन्हा लिहिला, तरी तसंच. वेबसाइटवरून पानच उतरवलं, तरी याह्याच्या फोनवर ते दिसतंच आहे. दुपारी कळलं, साहेबराव चक्कर येऊन पडले, दवाखान्यात नेलंय. वैतागून त्यांचं नावच काढलं, पान परत चढवलं. थोड्या वेळानं फोन — उठून बसले, चहा मागितला.
हात जोडले. मग पडद्याकडं बघितलं.
तिसरे आता कडूबादादा.

९ ऑगस्ट
दादांच्या छातीत दुखतंय. वहिनी फोनवर रडत होती. नाव काढलं तर खालचा सोमनाथ वर येतो. त्याची लेकरं लहान — हे उचलून त्याच्यावर —
नाय.
पांडुरंगा, एवढं तरी —

दुपारी
दादांच्या वर एक ओळ घातली. माझं नाव लिहिलं. पान चढवलं.
दादा चौथे. पुढं 'श्री.'
वहिनीचा फोन — दुखायचं थांबलं, भाकरी मागतायत.
तिसरा मी. माझ्यापुढं —