सतरा फण्या आणि एक पेटी

३ जानेवारी १९३८

ठरलं! हळहळत बसण्यापेक्षा वर्गणी बरी.

माणिकबाईंचा दीर शिवरात्रीला अकोल्याहून येणार आणि त्यांना घेऊन जाणार. कशाला? पोळ्या लाटायला. विधवा भावजय म्हणजे बिनपगारी स्वयंपाकीण. कीर्तनकाराची लेक ही, पेटीवर बोटं ठेवली की रस्त्यानं जाणारे थांबतात! महिना आठ रुपये मिळाले तर खोलीही सुटणार नाही आणि अमरावतीही.

इकडे आमची भाजीवाली पार्बताबाई. तिची जमुना ‘वांगे घ्याऽ’ ओरडते तेसुद्धा सुरात. मळ्यातल्या अशा सहा पोरी. माणिकबाईंनी त्यांना गाणं शिकवायचं, पैसे माझ्या मैत्रिणींनी द्यायचे.

हे म्हणाले, “आधी वाळूतून तेल काढून दाखव.” वकील आहेत. गप्प बसायचेही पैसे मिळाले असते तर बरं झालं असतं.

८ जानेवारी

युक्ती सुचली. यंदा संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू. कुणी वाण लुटायचं नाही, त्याऐवजी वाणाचे पैसे पोरींच्या गाण्याला द्यायचे.

“किती बाई छान!” — सगळ्या. शेजारच्या बेबीताईंच्या तर डोळ्यांत पाणी. पाणी फुकट असतं.

जिनवाल्यांच्या जयवंताबाई म्हणाल्या, “देईन नं! कापूस विकू द्या फक्त.” त्यांचा कापूस डिसेंबरातच विकला गेला, हे अख्ख्या राजापेठेला ठाऊक आहे.

११ जानेवारी

होकार तेवीस. रोख — शून्य.

१३ जानेवारी

बेबीताई भिंतीवरून: “पोरी गाऊ द्या. पन थे माणिकबाई? हळदीकुंकवाले? सवाष्णीईच्या मधात? लोक काय म्हनतीन!”

लोक म्हणजे बेबीताईच. पण त्या फिरल्या तर बाकीच्या बावीसही फिरणार. मी म्हटलं, “त्या आत, माजघराच्या दाराआड बसतील. पेटी तिथून वाजवतील.”

वा! सुचलंही मलाच.

१५ जानेवारी

काल कार्यक्रम झाला. पोरी काय गायल्या! जमुनानं वरचा सूर लावला तेव्हा जयवंताबाईंचं खाणंसुद्धा थांबलं, आणि ते सहसा थांबत नाही.

माणिकबाई दाराआड. पडदा मीच ओढला. ओढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमची शालू मात्र सगळा वेळ त्यांच्या मांडीला मांडी लावून पेटीचा भाता हलवत होती. नऊ वर्षांची आहे, तिला सवाष्णीत बसायची हौस नाही.

आता वर्गणी. बेबीताई म्हणाल्या, “वाण म्हंजे वस्तूच पाह्यजे बाई, नगद पैसा कसा देता येईन? अपशकुन!” हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, कारण प्रत्येकीच्या पदराखाली वस्तू होती. सतरा फण्या! तीन आरसे, दोन चाळण्या, एक कुंकवाचा करंडा. पोरी गरीब असल्या तरी केस असतीलच, असा विचार.

करंडा माणिकबाईंना द्या, असं कुणी म्हणालं नाही, एवढंच नशीब.

१७ जानेवारी

पार्बताबाई ढीग पाहून पोट धरून हसली. “पेटीले फनी कायले वो बाई? आना इकडं. भाजीसंगं मांडून देऊ.”

शालू दिवसभर तेच गाणं गुणगुणते आहे. हे म्हणाले, “वकिलाच्या मुली गात नसतात.” नसतात खऱ्या.

३ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं. जयवंताबाईंकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू, वाणाला फण्या हव्या होत्या. बाजारात पार्बताबाईकडे स्वस्त दिसल्या — बाराच्या बारा उचलल्या! त्यातली एक त्यांनी स्वतःच माझ्याकडे आणलेली. तीही घासाघीस करून घेतली.

एकूण अकरा रुपये जमले. म्हणजे जवळजवळ दीड महिना. पुढचं पुढे.

२७ फेब्रुवारी

पैसे घेऊन माणिकबाईंकडे गेले. खोलीला कुलूप! दीर उद्या यायचा तो आजच आला की काय? पैसे तीन आठवडे माझ्या कपाटात होते. बेबीताईंना नावं ठेवता ठेवता द्यायचेच राहिले.

धावत पार्बताबाईकडे. ती शांतपणे मेथीच्या जुड्या बांधत होती. “बाई कुठं गेल्या? आमच्या मळ्यात हायेत! दिराले चिठ्ठी धाडली, येऊ नोको म्हनून. साही घरं मिळून खाऊ घालतो, वरून रुपया रुपया देतो.”

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं कसं नाही?

“तुमच्या घरून निंगाल्या तवाच म्या म्हटलं, बाई, आमच्याकडं चाला. आमच्या मळ्याले दारच नाई, त दाराआड कोन बसवते!”

लाज वाटली. खरी, आतून. आजवर या वहीत मी सगळ्यांच्या फण्या मोजल्या. माझी वस्तू कुठली होती? पडदा!

मळ्यात गेले. माणिकबाईंनी पैसे नाकारले नाहीत, तेवढ्यानंही बरं वाटलं. “पेटीचा भाता फाटलाय, तो दुरुस्त होईल,” म्हणाल्या. निघताना पार्बताबाई म्हणाली, “शालूले धाडा नं. लय ग्वाड गाते थे. तुमाले महिन्याचे आठ आने.”

गरिबांच्या पोरींसाठी निघालेल्या वर्गात माझ्या पोरीला जागा मिळतेय, ती पैसे भरून.

३ मार्च

शालू आज पहिल्यांदा मळ्यात गेली. यांना सांगितलेलं नाही. आठ आणे रुमालात बांधून दिले. बेबीताईंनी भिंतीवरून विचारलं, “पोर कुठं निंगाली वो?”

“भाजी आणायला,” मी म्हटलं. शालूनं ऐकलं.

संध्याकाळी आली ती दोन वांगी घेऊन. म्हणाली, “माणिकबाईंनी दिली. आई खोटी पडायला नको, म्हणाल्या.”