पाच वाजता, पत्र्याखाली

११ डिसेंबर

आज मागचं अख्खं होस्टेल रस्त्यावर आलं. आमच्यामुळं!

'पत्रा' वाजवून राहिलो होतो. नवं गाणं. नाव या शेडवरूनच ठेवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर अप्पांना स्लॅबखाली झोप येईना, म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानामागं हे पत्र्याचं शेड ठोकलं. मी जन्मलो तेव्हाही घरचे यातच झोपायचे म्हणे. आता इथं आमचा बँड — भेग. मी गिटार आणि आरोळ्या, जावेद ड्रम, गुरुपाद बेस.

गाण्याच्या मध्यात सगळं थांबतं आणि मग एकदम खाली येतं, संथ, जड. बाहेरचे ब्रेकडाउन म्हणतात. आम्ही कोसळ म्हणतो. तारा एवढ्या उतरवल्यात की सूर कानात यायच्या आधी पायात येतो. त्यात गुरुपादनं उदगीरच्या डीजेवाल्याकडून भला मोठा स्पीकर उचलून आणलेला. पूर्ण सोडला. पत्रे थरथरले. काय आवाज होता! दोन वर्षं जो डोक्यात होता तोच.

तेवढ्यात बाहेर थाळी वाजायला लागली. भिंतीपलीकडच्या होस्टेलच्या मल्लम्माकाकू हादरा आला की उलथन्यानं थाळी बडवतात. पोरी जिन्यावरून धडाधड खाली. एकीच्या हातात फिजिक्सची गाइड, एक टॉवेल गुंडाळलेल्या केसांनी. गल्लीतले म्हातारेही बाहेर. मी काय झालं बघायला दारात आलो, तर गिटार गळ्यातच. सगळ्यांना कळलं.

एक मुलगी सगळ्यांच्या आधी बाहेर पोचली होती. विजेच्या तारा चुकवून बरोबर मोकळ्यात उभी, चपला हातात. इतर मुली मला शिव्या घालून राहिल्या होत्या. ती माझ्याकडं बघतच नव्हती. जमिनीकडं बघत होती.

१२ डिसेंबर

काकू घरी आल्या. ओरडतील म्हणून मी आधीच तापून बसलेलो. ओरडल्या नाहीत.

"मल्लिनाथा, माझी नणंद त्यात गेली. आधी आवाजच आला होता. असाच."



मग त्यांनीच तोडगा काढला. पाच ते सहा वाजवायचं. पोरी क्लासवरून येऊन चहा घेतात ती वेळ. "मी सगळ्यांना सांगून ठेवते. पाच ते सहाला गुरगुरलं तर ते शेटजींचं पोरगं."

अप्पा आतून म्हणाले, "इंजिनिअरिंग सोडून हे शिकला. भूकंप करायला."

१९ डिसेंबर

चपला हातात घेऊन मोकळ्यात उभी होती ती आज दुकानात आली! बल्ब बदलून घ्यायला.

शिवकन्या. निलंग्याकडची. डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा देऊन राहिली. मी बल्ब होल्डरला लावून दाखवला, तर पेटला. "आमच्या खोलीत न्हाई पेटत." मी म्हणालो, होल्डर खराब असेल, येऊन बघू का? "काकू तंगडं मोडतील तुमचं." आणि हसली. बल्ब तसाच घेऊन गेली.

२० डिसेंबर

आली नाही.

२१ डिसेंबर

आली नाही. तीनदा शटरबाहेर जाऊन बघितलं. अप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक आत असतं, बाहेर न्हाई."

६ जानेवारी

जावेदशी भांडण. त्याला कोसळीच्या आधी साधं गाणं हवंय. आरोळी नाही, सुरात, गळा मोकळा सोडून. आमच्यासारखे सगळे मेटलकोरवाले बँड शेवटी तिकडंच जातात म्हणतो. जाऊ दे त्यांना! आम्ही सुरू केलं तेव्हा मी इंग्रजीत ओरडायचो, मलाच काय म्हणतोय ते कळायचं नाही. मग मराठीत आलो. मग तारा उतरवल्या. प्रत्येक वेळी जड होत गेलो. आता गोड व्हायचं?

त्याच्या अब्बांचा लग्नाचा बँड. वरातीत वाढलेलं पोर, ताशा त्याच्या मनगटातच आहे. पण तिथनंच त्याला ही खोड लागली — लोक सोबत गायले पाहिजेत.

"मल्ल्या, तेरा गला है के मिक्सर? पब्लिक को कुछ तो पकड़ने को दे."

मी काठ्या हिसकावून बाहेर फेकल्या. तो उठला, काठ्या उचलल्या, घरी गेला. गुरुपाद बेस पुसत बसला.

९ जानेवारी

जावेद परत आला.   वाजवलं.

१७ जानेवारी

काकू सांगत होत्या, बाकीच्या पोरी आता कोसळीत चहात बिस्किटं बुडवत बसतात. हादरलं की एखादी म्हणते, "आला बघ मल्ल्याचा भूकंप." फक्त शिवकन्या रोज खाली उतरते. चपला हातात घेऊन फाटकाशी उभी राहते, आम्ही थांबलो की वर जाते.

म्हणजे रोज पाचला मी तिला जिना उतरायला लावतो. आणि मला वाटत होतं मी गाणं वाजवतो.

२३ जानेवारी

आज फाटकाशी गाठलंच. काकू गिरणीत गेल्या होत्या.

मी म्हणालो, सगळ्यांना माहीत आहे आमचं वाजवणं, मग तूच का पळतेस? (एकदम तू निघालं. तिनं चालवून घेतलं.)

"आमच्या घरी अजून दाराला आतून कडी लावत न्हाईत. भूकंपात पप्पा आत्याला बाहेर काढायला गेले, तर आतली कडीच निघेना. मी तवा जन्मले पण नव्हते. पण आम्हा भावंडांना चालायच्या आधी पळायला शिकवलं."

"गाणं आवडत नाही का?"

"ऐकलंय कुठं? सुरुवात ऐकते. मग ते तुमचं खालचं सुरू होतं अन् पाय आपोआप निघतात. पुढचं काय होतं, मला काय माहीत."

पुढं तिच्यासाठीच तर आहे! कोसळीनंतर एक ओळ आहे, तिला बघितल्यावर लिहिलेली — 'कडी काढ, मी बाहेर उभा आहे'. ओरडून म्हणतो म्हणून कुणाला कळत नाही, बरंय. पण कडीचं मला आज कळलं. ओळ आधीची आहे. 

मी म्हणालो, "पाच ते सहाला गुरगुर आली तर तो मी. दुसरं कुणी न्हाई. एकदा बसून शेवटपर्यंत ऐक."

"खरंच तुम्हीच?"

"शप्पथ."

"कुणाची?"

"पत्र्याची."

हसली. पण हो म्हणाली नाही.

३० जानेवारी

तरी उतरली.

४ फेब्रुवारी

परत उतरली. आज तर मी तिच्यासाठी कोसळ अर्ध्या जोरात वाजवली. गुरुपाद म्हणाला, "ह्याला काय म्हणायचं? घसरण?"

११ फेब्रुवारी

नांदेडला बोलावणं! माझ्याच कॉलेजचं गॅदरिंग, जिथून मी दुसऱ्या वर्षाला बॅग उचलून निघालो. एचओडी म्हणाले होते, "तू कुठंच पोचणार नाहीस." आता त्यांच्याच स्टेजवर कोसळ ऐकवतो.

जावेदची एक अट. कोसळीच्या आधी तो त्याची सुरातली ओळ गाणार. हो म्हणालो. मनात नाही म्हणालो.

२० फेब्रुवारी

त्यानं आज ती ओळ गायली. ड्रम लावता लावता, सहज. वाईट नव्हती. हे इथंच राहू दे.

२१ फेब्रुवारी

आज ती उतरली, आणि वर जाताना काकूंना म्हणाली (मी शेडच्या दारात होतो, ऐकू यावं म्हणूनच म्हणाली असेल), "हे परीक्षेपर्यंत तरी बंद होईल का?"

भडकलो. उद्या आम्ही नांदेडला जातोय, हे तिला सांगणार होतो. आता नाही सांगत! काकूंनाही नाही. पाच वाजतील, शेड गप्प राहील, मग कळेल तिला. वाट बघू दे एक दिवस. मी किती बघितली.

२२ फेब्रुवारी, नांदेड

सकाळच्या एसटीनं निघालो. मोठा ड्रम मधल्या वाटेत, कंडक्टर म्हणाला, "वरात कुणाची?" जावेद माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "इसकी. लड़की को अब्बी मालूम नै." लोह्यापर्यंत बस हसून राहिली होती. मीही हसलो, काय करणार.

आमची वेळ नेमकी पाचची. स्टेजवर चढताना वाटलं, ती आत्ता चहा घेऊन खिडकीशी आली असेल. शेडकडं बघत असेल. बघू दे.

कोसळ आली, आणि काहीच झालं नाही.

काहीच. मोकळं मैदान, आवाज वर निघून गेला. गुरुपाद जीव तोडून वाजवत होता. समोरची पोरं मोबाइलमध्ये. एकाचाही पाय हलला नाही. आणि जावेदची ती ओळ, ती मात्र सगळ्यांनी उचलली. एचओडी पण टाळ्या वाजवत होते! मी उरलेलं गाणं पायाकडं बघत संपवलं. माझी ओळ ओरडलोच नाही.

नंतर चहावर जावेदला म्हणालो, बोल की, तूच जिंकलास. तो म्हणाला, तसं नाही.

"मैदान में पत्रा नै ना रे. अपना वो आवाज पत्रे का था."

गुरुपादच्या मावशीकडं मुक्काम. फोनची बॅटरी कधीच मेलेली. चार्जर शेडमध्येच राहिला.

आता वाटतंय, सांगायला हवं होतं तिला. उद्या गेल्यावर पहिलं तेच. परीक्षा होईपर्यंत शेड बंद, हेही सांगतो. नंतर जावेदची ओळ घेऊ, माझी पण सुरात म्हणून बघू.

२३ फेब्रुवारी, लोह्याचा स्टँड

बस थांबलीय. चहावाल्याकडं फोन चार्जिंगला लावला. दोन मेसेज.

अप्पांचा, रात्रीचा: 'पाच नंतर हादरा बसला. घर ठीक. शेडचा मागचा खांब कलला. मल्लम्माकडची एक पण पोरगी खाली आली नाही. समद्यांना वाटलं तू.'

दुसरा त्याच्याही आधीचा, शिवकन्याचा; दुकानाच्या बिलावर माझाच नंबर असतो. संध्याकाळी अर्धा तास काकू पोरींना फोन देतात तेव्हाचा.

'आज न्हाई पळाले. दाराला कडी लावून बसले अन् शेवटपर्यंत ऐकलं. आवडलं.'